ट्रेडवेलबाईंचे माहेर

कुर्डुवाडीकडून पुण्याकडे निघालेली गाडी जेऊरच्या स्टेशनात क्षणभर विसावते, करमाळ्याकडची माणसे आपापली बोचकी सांभाळीत फलाटावर उतरतात, आणि मग ती गाडी भीमेच्या खोऱ्याच्या रोखाने पुढे निघून जाते. हा नित्यक्रम पाहत ज्यांचे बालपण सरले त्यांच्यापैकी मी एक आहे. आमच्या घरात काळ मोजण्याची रीतच अशी होती की, एखादी गोष्ट ‘गाडी येण्याआधीची’ असे आणि एखादी ‘गाडी आल्यावरची’. शकाचा किंवा सनाचा आकडा कोणाला ठाऊक नसे, परंतु गाडी येण्यापूर्वी कोणत्या पांदीने बाजाराला जात आणि गाडी आल्यावर कोणत्या घराण्याने जमीन विकून दुकान थाटले, हे मात्र मुखोद्गत असे. तो सन मी पुढे शोधून काढला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने डिकसळपासून बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा, मार्ग २३ ऑक्टोबर १८५९ रोजी वाहतुकीस खुला केला, आणि जेऊर या दोहोंच्या मध्ये आहे. रावरंभा निंबाळकरांचा किल्ला आणि कमलाभवानीचे देऊळ ज्या करमाळ्यात, त्या कसब्याला स्टेशन लाभले ते जेऊरचे. आणि तेव्हापासून या लहानशा गावाचे नाव परमुलखातल्या वेळापत्रकांत छापले जाऊ लागले.

आजी सांगत असे की, तिच्या सासूची सासू याच लोहमार्गाच्या भरावावर माती वाहण्यासाठी कोठल्याशा दूरच्या मुलखातून आली, काम संपल्यावर टोळी पुढे सोलापूरच्या दिशेने गेली, पण ती मागे राहिली आणि जेऊरची झाली. तिचे नाव काय, असे मी एकदा विचारले. ‘नाव कुणाला ठाऊक, बाबा! सगळी तिला पाटीवालीच म्हणायची,’ एवढेच उत्तर मिळाले. आमच्या कुळाची ही आद्य स्त्री. आणि तिचे नाव तिच्या डोक्यावरच्या वस्तूचे. या उत्तराने माझ्या मनात जी रुखरुख निर्माण झाली ती आजतागायत गेलेली नाही, आणि या लोहमार्गाचा इतिहास वाचण्याचा नाद मला लागला तो विद्येच्या ओढीने नव्हे, तर त्या पाटीवालीचा कोठे माग लागतो काय या आशेने. माग लागला तो मात्र दुसऱ्याच एका बाईचा. सातासमुद्रांपलीकडून आलेली, धनवान, गोरी. आणि तरीही जिचे नाव शोधताना तसेच चाचपडावे लागते, अशी ती बाई.

तिची हकीकत कळण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १८५९ साली जेऊरला जी गाडी आली ती मुंबईहून आलेली नव्हती. मुंबई ते ठाणे हा पहिला मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि तो वाढत वाढत १८५६ साली बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचला. इकडे घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १४ जून १८५८ रोजी, पुण्यापासून डिकसळपर्यंतचा त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि मग आमचा, असे तुकडे जोडले गेले. खालचा रूळ डोंगराच्या पायाशी संपत होता आणि वरचा रूळ डोंगराच्या कड्याशी. मध्ये उभा होता तो सह्याद्री. करमाळ्याच्या जोंधळ्याचे पोते किंवा बार्शीच्या कापसाचा गठ्ठा जेऊर-कुर्डुवाडीकडून वाफेच्या बळावर खंडाळ्यापर्यंत सुखाने जाई; तेथे तो उतरवून घेऊन, सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत १८३० साली बांधलेल्या गाडीरस्त्याने बैलांच्या खांद्यावर खाली खोपोलीला न्यावा लागे, आणि तेथे पुन्हा वाघिणीत भरावा लागे. उतारूंनाही तोच फेरा चुकत नसे. कोणी पालखीत, कोणी तट्टावर, कोणी बैलगाडीत आणि बहुतेक पायी, असे ते घाट उतरत. साडेतीन वर्षे जेऊरचा रूळ असा एका कड्याशी येऊन थबकत होता.

हा खंड भरून काढण्याचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. ज्याने ठाण्यापर्यंतचा पहिला मार्ग बांधला होता, त्या विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल याच्याकडेच बोरघाटाचा मक्ता होता, आणि कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले याने आखलेली ती योजना त्या काळी जगातल्या अत्यंत दुर्घट कामांपैकी एक गणली जात होती. सुमारे सोळा मैलांच्या चढणीत १,८३१ फूट उंची गाठावयाची. त्यासाठी पंचवीस बोगदे पोखरावयाचे, आठ मोठे कमानपूल उभारावयाचे, आणि कित्येक ठिकाणी चढ इतका खडा की, सदतीस फुटांच्या अंतराला एक फूट वर जावे. आखणी करणारी माणसे काही जागी दोरांनी कड्यावरून खाली सोडावी लागली, कारण पाऊल ठेवण्याला खडकावर जागा नव्हती. घाटातून जाताना शिंग्रोबाच्या देवळापाशी आजही लोक नाणे टाकतात. डोंगरातली वाट साहेबाला दाखविणारा तो धनगर, अशी त्या देवाची आख्यायिका आहे. आख्यायिकेचा पुरावा मागणे व्यर्थ आहे, परंतु ज्यांच्या पायांखालून ही वाट गेली त्यांनी आपला वाटा कोणत्या रूपाने स्मरणात ठेवला, हे तिच्यावरून समजते.

फॅव्हिएलचे काम नीट चालले नाही. मजुरी वेळेवर मिळेना, मुकादमांच्या आणि उपमक्तेदारांच्या हातून पैसा खाली झिरपेपर्यंत महिने लोटत, आणि २० जानेवारी १८५९ रोजी घाटातल्या मजुरांचा संताप उफाळून आला. गोऱ्या अंमलदारांवर हल्ला झाला, सरकारी चौकशी झाली, आणि त्या प्रकारच्या तंट्यांसाठी पुढच्याच वर्षी, १८६० साली, कायदाही झाला. त्या कायद्याने मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची सोय केली खरी, पण कबूल केलेले काम टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचा धाकही घातला, हे सांगितल्यावाचून त्याचे वर्णन पुरे होत नाही. दंग्यानंतर लौकरच, मार्च १८५९ मध्ये, फॅव्हिएलने मक्ता सोडला. काही काळ कंपनीने स्वतःच्या हिमतीवर काम चालविले, आणि मग इंग्लंडातला एक नाणावलेला मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल याला ते दिले.

या ठिकाणी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरातला पुणे जिल्ह्याचा, १८८५ साली छापलेला, खंड मी पहिल्यांदा उघडला तो दिवस मला आठवतो. बोगद्यांची लांबी, कमानींची रुंदी, भरावांची उंची, चढणीचा हिशेब, असे सारे आकडे त्यात काटेकोरपणे नोंदलेले आहेत; आणि त्या आकड्यांच्या राशीत, ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि पुढचे काम ॲडमसन व क्लाउझर या दोघांनी मिसेस ट्रेडवेल यांच्या वतीने दक्षतेने व यशस्वीपणे पार पाडले, अशा आशयाचे एक वाक्य येते. एवढेच! पुढच्या ओळीत पुन्हा बोगदे. मी ते पान उलटू शकलो नाही. नवरा परक्या मुलखात अकस्मात मेला असता, ज्या कामाने एका अनुभवी मक्तेदाराला जेरीस आणले ते काम परत न करता आपल्या नावावर ठेवणारी ही बाई कोण? तिचे नाव काय? ती कोणाची मुलगी?

आपल्याकडे एखाद्याच्या कुळाचा शोध घ्यावयाचा तर त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. दक्षिणेकडून बैलावर बसून हेळवी येतो, ओट्यावर घोंगडी अंथरून बसतो, आणि मूळ पुरुषापासून आजच्या कर्त्यापर्यंतची नावे एका सुरात म्हणून दाखवितो. त्याला धान्य, कापड, दक्षिणा द्यावयाची आणि नव्याने जन्मलेल्या मुलाचे नाव त्याच्याकडे नोंदवावयाचे. दुसरी वाट पंढरपूरच्या किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची. त्यांच्या उभ्या, लांबट वह्यांत गावावार आणि आडनावावार नोंदी असतात, आणि आपला खापरपणजा कोणत्या साली गोदेत स्नानास आला होता हे त्याच्या सहीसकट तेथे सापडते. सरकारी दप्तर ही तिसरी वाट. इनामाच्या सनदा, पाहणीपत्रके, वारसाचे फेरफार. या तीनही वाटांनी मी आमच्या घराण्यासाठी हिंडलो आहे, आणि अनुभव असा की, हेळव्याच्या मुखात पुरुषच येतात. फेरफारात बाई येते ती बहुधा विधवा झाल्यावर, अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून. आणि त्यातल्या त्यात उदारता दिसते ती तीर्थक्षेत्राच्या वह्यांतच, कारण यात्रेकरू आपल्या आईचे आणि बायकोचे नाव तेथे आवर्जून सांगे.

इंग्रजांची व्यवस्था निराळी, तरी तिचा स्वभाव फारसा निराळा नाही. हिंदुस्थानात राहणाऱ्या त्यांच्या लोकांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची नोंद धर्मोपदेशक ठेवीत आणि तिच्या नकला वर्षावर्षाला विलायतेस धाडीत. मुंबई इलाख्याच्या अशा नकला अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या आहेत, आणि त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मृत्युपत्रे, वारसाचे दाखले आणि आगबोटीच्या उतारूंच्या याद्या यांचीही त्यांना जोड असते. ज्यांचे पूर्वज येथे आले, राहिले किंवा मेले ते विलायतेतले लोक याच कागदांतून आपल्या खापरपणज्या शोधतात. परंतु त्यांनाही पावलोपावली अडखळावे लागते ते एकाच ठिकाणी. विवाहाच्या क्षणी बाईचे आडनाव बदलते आणि तिचा मागचा धागा तुटतो. विवाहाची नोंद सापडली तर माहेर सापडले, नाहीतर ती केवळ अमक्याची मिसेस म्हणून उरते. उतारूंच्या यादीत तर पुष्कळदा नवऱ्याच्या नावापुढे ‘आणि पत्नी’ एवढेच लिहिलेले असते.

ट्रेडवेलबाईंच्या बाबतीत तो धागा सुदैवाने सापडतो. तिचे नाव ॲलिस, माहेर पिकरिंगांचे. सासरचे ट्रेडवेल हे लोहमार्ग बांधणाऱ्या मक्तेदारांचे घराणे. इंग्लंडात ज्या दशकांत गावोगाव रूळ पसरत होते त्या दशकांत या भावांनी मोठमोठी कामे घेतलेली होती, आणि मजुरांचे तळ, सुरुंगाची दारू, मोजमापाच्या वह्या, देण्याघेण्याचे तगादे हा त्या घरातल्या बायकांच्या नित्य परिचयाचा संसार असला पाहिजे. गॅझेटियरात जी बाई अकस्मात प्रकट झाल्यासारखी वाटते, ती प्रत्यक्षात या व्यवसायाच्या अंगणातच वावरलेली होती. १८५९ साली सुवेझच्या कालव्याची पहिली कुदळ नुकतीच पडलेली होती. विलायतेहून येणारा उतारू अलेक्झांड्रियाला उतरून, मिसरची भूमी ओलांडून, सुवेझला दुसऱ्या आगबोटीत चढे आणि तांबड्या समुद्राच्या उकाड्यातून मुंबईस लागे. इतका प्रवास करून आलेल्या त्या कुटुंबाच्या नशिबी जे वाढून ठेवलेले होते ते पुरते ध्यानात येण्यासाठी त्या काळचा इंग्रजी कायदाही पाहिला पाहिजे.

त्या कायद्याच्या दृष्टीने लग्न झालेली स्त्री ही स्वतंत्र व्यक्तीच नव्हती. नवरा जिवंत असेपर्यंत तिची मिळकत त्याची, तिची कमाई त्याची, आणि तिने स्वतःच्या नावाने केलेला करारनामा कोर्टात उभा राहत नसे. ही स्थिती पालटू लागली ती १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. परंतु विधवेला ही बंदी लागू नव्हती. ज्या दिवशी सॉलोमन ट्रेडवेलने डोळे मिटले त्याच दिवशी त्याची बायको कायद्याच्या नजरेत एक पुरी व्यक्ती झाली. तिला सही करता येऊ लागली, देणे देता येऊ लागले, मक्ता चालविता येऊ लागला. दुःखाच्या त्या घटकेत हा विचार तिच्या मनाला शिवला असेल की नाही हे मी कसे सांगणार? पण तिने सही केली, हे खरे आहे. आणि याच सुमारास आपल्याकडची विधवा कोठे होती? घाटाच्या कामाला प्रारंभ झाला त्याच १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, आणि तरीही खंडाळ्याच्या खालच्या आणि वरच्या सर्व गावांतून बालविधवांच्या केशवपनासाठी न्हावी बोलावले जातच होते. एकाच डोंगरावर दोन वैधव्ये होती, आणि दोहोंत अंतर अपार होते.

तरी हा डोंगर कर्त्या विधवेला अगदीच अनोळखी होता असे मात्र कोणी समजू नये. खंडाळ्याहून निघालेला रूळ पुण्याच्या वाटेवर ज्या तळेगावावरून जातो, तेथे सेनापती दाभाड्यांचा वाडा आहे. १७३१ साली डभईच्या रणात त्रिंबकराव दाभाडे पडला; सेनापतिपदाची वस्त्रे त्याच्या अज्ञान भावाला, यशवंतरावाला, मिळाली; आणि त्या पदाचा सारा कारभार, फौजफाट्यासकट, उचलला तो त्याची विधवा आई उमाबाई हिने, जिने पुढे गुजरातेत अहमदाबादेवर स्वारी केली. येथे एक गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते. उमाबाई ही अभोण्याच्या ठोके देशमुखांची कन्या, हे आपल्या बखरकारांनी आणि इतिहासकारांनी जपून ठेवले. माहेरासकट बाई नोंदण्याची ही रीत सरदारांच्या घरी तरी होती. ती पाटीवालीपर्यंत उतरली नाही.

आता मूळ कथेकडे वळू. ॲलिस ट्रेडवेलने स्वेन्सन ॲडमसन आणि जॉर्ज क्लाउझर या कंपनीच्या दोन अनुभवी अभियंत्यांना आपले मुखत्यार नेमले. मधल्या काळात, कंपनी स्वतः काम पाहत असताना, याच दोघांनी घाटात झपाट्याने काम पुढे नेलेले होते. तेव्हा ही निवड म्हणजे केवळ असहाय बाईने जवळ दिसेल त्याचा हात धरणे नव्हे. डोंगर ज्यांच्या तळहातावर होता त्याच माणसांना तिने धरून ठेवले. पुरुष मक्तेदाराने असे केले असते तर आपण त्याला माणसांची पारख म्हणालो असतो, आणि तोच शब्द येथेही योजिला पाहिजे. मुखत्यारांनी काम केले आणि बाईचे केवळ नाव होते, असे म्हणणारे म्हणोत. मोठ्या कामांत मक्तेदार स्वतः छिन्नी हाती घेत नसतो, त्याचा पैसा आणि त्याची छाती पणाला लागलेली असते, आणि येथे पणाला लागलेली छाती तिची होती. घाटाच्या कामाची त्या काळची छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांतली काही तिने स्वतः काढली असे मानतात. त्या काळी काचेच्या पट्टीवर रसायनाचा लेप देऊन तो ओला आहे तोवर चित्र घ्यावे लागे आणि लगोलग अंधाऱ्या राहुटीत ते धुवावे लागे. घाटातल्या वाऱ्या-धुळीत हा उद्योग करणारी व्यक्ती निश्चयाचीच असली पाहिजे.

आणि मजूर? १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी ४२,००० वर माणसे कामाला होती. एवढी वस्ती त्या वेळी कित्येक नामांकित शहरांतही नव्हती, आणि येथे तर ती पालांत, झोपड्यांत, उघड्या खडकावर होती. पावसाळ्यात बाहेरची कामे बंद पडत आणि टोळ्या पांगत; आश्विनात पुन्हा गोळा होत. पटकी, जिला त्या वेळचे लोक वाखा म्हणत, या तळांत शिरली म्हणजे माणसे पाचोळ्यासारखी झडत, आणि उरलेली रातोरात पळ काढीत. देशावरून, कोकणातून, तेलंगणाकडून माणसे आलेली होती. आणि ती एकेकटी नव्हे, तर कुटुंबेच्या कुटुंबे आली होती. हीच रीत घाटाबाहेर सपाटीवरही होती, आमच्या जेऊरच्या भरावावरही होती.

पुरुषाने कुदळीने खणावयाचे, बाईने पाटी भरून डोक्यावर घ्यावयाची, चढ चढून भरावावर रिकामी करावयाची आणि पुन्हा खाली यावयाचे; मूल लहान असेल तर ते झोळीत, जवळच्या बाभळीला. वडारांच्या टोळ्यांत मातीवडार मातीकाम करीत आणि गाडीवडार आपल्या बुटक्या, भक्कम गाड्यांतून दगड वाहत. मजुरी मोजली जाई ती खणलेल्या मातीच्या घनफुटांवर, आणि पैसा हाती पडे तो टोळीच्या नायकाच्या. कुटुंबातल्या बाईचा दाम वेगळा लिहिण्याचे कारणच नव्हते. आमच्या गावाबाहेर लोहमार्गाच्या कडेला भरावाची माती काढलेले जुने खळगे आहेत. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि म्हशी डुंबतात. असे खळगे खणताना मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा एक खुंट सोडून देत, म्हणजे किती खोल खणले ते दोरी धरून मोजता यावे. मोजणी आटोपली आणि पैसे चुकते झाले की तो खुंटही पाडून टाकीत. लहानपणी आजीने मला हे त्याच काठावर उभे राहून सांगितले. तिला तिच्या सासूने सांगितलेले, आणि सासूला त्या पाटीवालीने. तेव्हा तिचे नाव जरी हरवले, तरी तिच्या कामाचे मोजमाप कसे घेत हे चार पिढ्या ओलांडून माझ्यापर्यंत आले आहे.

घाट पुरा झाला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याने तो मार्ग खुला केला. ज्याने तो आखला तो बर्कले तोवर हयात नव्हता. आदल्या वर्षीच विलायतेत त्याचा अंत झाला होता. त्या दिवसापासून जेऊरचा रूळ मुंबईच्या रुळाला जोडला गेला. अमेरिकेत त्या वेळी यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसासाठी आसुसलेल्या होत्या, आणि बार्शी-सोलापूरकडचे गठ्ठे आता कोठेही न उतरविता थेट मुंबईच्या बंदरात जाऊ लागले. एका बाईच्या सहीमुळे भरलेल्या त्या सोळा मैलांचा फायदा आमच्या तालुक्यातल्या व्यापाऱ्याला असा मिळाला, आणि तो तिचे नाव न ऐकताच वृद्ध झाला.

सत्य सांगावयाचे तर पुढचेही सांगितले पाहिजे. अवघ्या चार वर्षांनी, १९ जुलै १८६७ रोजी, घाटातला महूकीमळी येथला आठ कमानींचा पूल कोसळला. या मार्गावरच्या दगडकामाची मग कसून तपासणी झाली आणि ठिकठिकाणी ते पुन्हा बांधावे लागले. घाईने, चढाओढीने आणि मोजक्या पैशात उरकलेल्या कामाचा तो परिणाम होता, आणि त्याची जबाबदारी अभियंता, मक्तेदार, उपमक्तेदार यांच्यात कशीही वाटली तरी ट्रेडवेल या नावाला तिच्यातून अजिबात मोकळे करता येणार नाही. एखाद्या विसरल्या गेलेल्या बाईची आठवण काढावयाची म्हणजे तिला निर्दोष देवी करून मखरात बसवावयाचे, असे मला वाटत नाही. तिने एक मोठे काम अंगावर घेतले आणि तडीस नेले. त्या कामात त्या युगाच्या मक्तेदारीचे सारे गुण आणि सारे दोष होते. आणि त्या दोषांची किंमत पाटी वाहणाऱ्यांनीही मोजली.

बोरघाटातला तो जुना मार्ग, जेथे गाडीला अर्ध्या वाटेवर थांबून तोंड फिरवावे लागे, १९२९ साली बदलला गेला. आमच्याकडेही पुष्कळ बदलले. उजनीच्या धरणाचे पाणी भीमेच्या खोऱ्यात पसरले तेव्हा लोहमार्ग हलवावा लागला आणि डिकसळचा जुना दगडी पूल, ज्याच्यावरून जेऊरची पहिली गाडी आली, तो करमाळ्याच्या आणि इंदापूरच्या माणसांना मोटारीने ये-जा करण्यासाठी उरला. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा त्याचे खांब खालपर्यंत उघडे पडतात. मी एका वैशाखात तेथे जाऊन दगडांवरून हात फिरविला होता. टाकीचे घाव स्पष्ट लागतात, तिरपे, एकाआड एक, आणि काही दगडांवर घडविणाऱ्याचा हात डावीकडून उजवीकडे गेला की उजवीकडून डावीकडे, हेही ओळखू येते.

त्याच वर्षी काही घरगुती निमित्ताने नाशिकला जाण्याचा योग आला. आमच्या उपाध्यायांच्या घरी बसलो असता त्यांनी लाल कापडात बांधलेली वही काढली, जेऊरचे पान उघडले, आणि माझ्या पणज्याची नोंद वाचून दाखविली. त्याच्या बापाचे नाव होते, भावांची नावे होती, आणि ‘मातोश्री’ या शब्दापुढे मोकळी जागा होती. तो मोकळेपणा मी बराच वेळ पाहत राहिलो. मग नव्या नोंदी करण्याची वेळ आली तेव्हा मी प्रथम आईचे नाव सांगितले, तिच्या माहेरासकट, मग आजीचे, मग आजीच्या सासूचे, जे मला एका जुन्या फेरफारात सापडले होते. ‘आणि तिची सासू?’ उपाध्यायांनी विचारले. मी म्हणालो, ‘पाटीवाली.’ त्यांनी टाक दौतीत बुडविलेला होता तो तसाच धरून माझ्याकडे पाहिले. ‘हे नाव कसे लिहू?’ मी म्हटले, ‘आमच्याकडे एवढेच आहे, असेच लिहा.’ त्यांनी खाली मान घातली आणि सावकाश, सुरेख अक्षरात, त्या मोकळ्या जागी ते लिहिले. आणि पुढे कंसात, मी न सांगता, ‘मु. जेऊर’ एवढे जोडले.